शून्य बाइट

माझं काम वीज तोडण्याचं.
सेगेडमध्ये, टिसा नदीपासून दोन गल्ल्या आत,
लोखंडी मांडणीवर बावीस पेट्या,
प्रत्येकीच्या पोटात नखाएवढी चिप,
आणि एक रिले. दर चाळीस सेकंदांनी
टक्.
टक् म्हणजे मर.
पुन्हा टक् म्हणजे ऊठ, आणि सांग
काय काय आठवतंय.

मार्चमध्ये नदी चढली त्या रात्री
चोंग्राडच्या बांधावरची आमची पेटी
मिनिटामिनिटाला पाण्याची उंची लिहीत होती.
पहाटे तीनच्या सुमारास तार तुटली.
सकाळी पाहिलं तर फाइल जागेवर,
नाव बरोबर, तारीख बरोबर,
आकार शून्य बाइट.
दारावर पाटी, आणि आत घरच नाही.

केलेमेन बाची हसले नाहीत.
बेचाळीस वर्षं त्यांनी खांबावरच्या आकड्यांवरून पाणी वाचलं,
बोटं गारठली तरी पेन्सिल सोडली नाही.
एवढंच विचारलं, "पेटीने लिहिलं होतं ना, बोग्लार्का?"
लिहिलं म्हणाली होती, मी म्हटलं.
"म्हणाली होती," ते म्हणाले,
आणि टोपी घालून निघून गेले.

त्या दोन शब्दांत माझं अख्खं वर्ष गेलं.

कारण प्रोग्राम म्हणतो लिही,
यंत्रणा म्हणते झालं,
आणि आकडे तेव्हा अजून मेमरीत उभे असतात,
फलाटावर सामान घेऊन.
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात,
आमचा दगडही काळाच,
पण रेघ उमटायला क्षण लागतो,
आणि नेमका तोच क्षण तारेला हवा असतो.

इथलं पान खोडता येत नाही.
एक ओळ बदलायची तर चौसष्ट पानांचा गठ्ठा एकदम पुसा,
आणि पुसलेलं पान कोरं म्हणजे शून्य नव्हे,
सगळीकडे एक, एक, एक.
पुसणंही मोजून मिळतं. काही हजार वेळा,
मग गठ्ठा थकतो, विसरायला लागतो.
म्हणून ओझं सगळ्यांवर सारखं फिरवायचं,
एकाच बैलाला जुंपायचं नाही.

चूक सापडली ती अशी:
नवी फाइल जुन्याच्या नावावर बसत होती
पोटात काही पडायच्या आधी.
आता क्रम बदललाय.
बाजूला नवं लिही.
थांब. चिपकडून होकार येईपर्यंत खरंच थांब.
मग नाव बदल.
मग ज्या फोल्डरने ते नाव धरलंय, त्यालाही थांबून विचार.
तोवर जुन्याला हात लावू नकोस,
ते शिळं असेल, पण आहे.

एवढ्याने झालं असतं तर मी रात्री झोपले असते.
एक पान असतं, अर्धवट पुसताना वीज गेलेलं.
ते सकाळी बरोबर वाचतं,
दुपारी बरोबर वाचतं,
सोळाव्या पेटीत ते संध्याकाळी सातला खोटं बोललं.
असल्या पानावर दया करायची नाही.
तिथलं शाबूत तेवढं दुसरीकडे हलव,
आणि ते पुन्हा पूर्ण पूस,
अर्धी शंका पुरेशी आहे.

एकतीस हजार वेळा वीज तोडलीय.
शेवटच्या अकरा हजारांत एकही शून्य नाही.
रिपोर्टात मी लिहिलंय, "आढळलं नाही."
"नाही" लिहायचा हात झाला नाही.

परवा बाचींनी बांधावरच्या पंपघराकडे नेलं.
भिंतीवर गाळाची रेघ होती, छातीएवढी.
टेप लावून त्यांनी मोजली, दोनदा,
आणि माझ्या वहीत लिहायला लावली.
उंची मिळाली.
पाणी तिथे किती वाजता पोचलं
ते भिंतीला माहीत नाही,
पेटीला माहीत होतं.

परत आले तेव्हा खोलीत अंधार,
बावीस हिरवे दिवे.
टक्.
एकही नाही.
मी उभी राहून मोजलं, पुढच्या टक्‌पर्यंत.